'सर्वांनी अवश्य वाचावे' खोडून टाका : पाचवी ते आठवीच्या मुलांनी एकमेकांना पुस्तकं सुचवावीत म्हणून काय काय करायचं

सातवीच्या वह्या तपासत होते. विषय होता 'मला आवडलेले पुस्तक'. जवळपास प्रत्येक निबंधाचं शेवटचं वाक्य तेच : 'असे हे बोधप्रद पुस्तक सर्वांनी अवश्य वाचावे.' पुढच्या आठवड्यात वर्गाच्या कपाटाची नोंदवही उघडून पाहिली. निबंधांत कौतुक झालेलं एकही पुस्तक कुणी मागून नेलेलं नव्हतं.

त्याच दिवसांत मधल्या सुट्टीत डबा खाता खाता एक मुलगा शेजारच्याला सांगत होता, "तुझ्या मामाची निफाडला बाग आहे ना? मग हे घे. कापूस लावून लावून जमीन पार खराब झालेली असते, तर यातला माणूस शेतकऱ्यांना भुईमूग लावायला सांगतो." पुस्तक होतं वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. सातवीच्या मुलानं हातात घेऊन लगेच ठेवून द्यावं, इतपत जाड. पण शेजारच्यानं ते दप्तरात टाकलं. दोन आठवड्यांनी परत आणलं तेव्हा ते अर्ध्याच्या पुढे वाचून झालं होतं, आणि सुट्टीत गेल्यावर मामाला विचारायचे प्रश्न त्यानं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते.

निबंधात 'सर्वांनी' होतं, डब्याजवळ 'तुझ्या मामाची बाग' होती. गेली काही वर्षं नाशिकच्या सिडको भागातल्या शाळेत मी जे करते आहे, ते या एका फरकावर उभं आहे. मुलानं पुस्तक वर्गाला सुचवायचं नाही, एका माणसाला सुचवायचं. कुणाला आणि का, हे सांगता आलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं आपलं, म्हणजे शिक्षकांचं, ग्रंथपालांचं, घरच्यांचं. ते कसं करायचं, ते क्रमानं सांगते.

आधी कपाट

सुचवलेलं पुस्तक त्याच दिवशी हातात पडलं पाहिजे. "शाळेच्या ग्रंथालयात आहे, पण किल्ली सरांकडे आहे, सर ट्रेनिंगला गेलेत" असं झालं की मुलाची उत्सुकता दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच टिकते. म्हणून सुरुवात वर्गातल्या कपाटापासून किंवा पेटीपासून करा. चाळीस मुलांच्या वर्गाला साठ-सत्तर पुस्तकं पुरतात. कुलूप नको. चार पुस्तकं हरवतील, एखाद्याचं मुखपृष्ठ फाटेल. ते धरूनच चाला.

पुस्तकं आणायची कुठून? शाळेच्या ग्रंथालयातून सही करून महिन्यासाठी एक गठ्ठा वर्गात आणता येतो, मुख्याध्यापकांशी एकदा बोलून घ्या. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. तिथं जाऊन बालसाहित्य कसं मिळेल, शाळेच्या नावानं काय व्यवस्था होईल, हे समक्ष विचारा. फोनवर जे होत नाही ते काउंटरपाशी उभं राहिल्यावर होतं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांत फिरू लागल्या, ते नाशिकमधूनच. ती कल्पना वर्गातही चालते : दोन तुकड्यांनी आपापल्या पेट्या दर दोन महिन्यांनी बदलायच्या, म्हणजे तेवढ्याच पुस्तकांत दुप्पट निवड मिळते. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं पातळ आणि स्वस्त असतात. आणि रद्दीच्या दुकानांत जरूर डोकवा, मला तिथं चांगल्या अवस्थेतली बालमासिकं किलोवर मिळाली आहेत.

एक मात्र पाळा. भेट म्हणून आलेला प्रत्येक गठ्ठा कपाटात भरू नका. कुणाच्या तरी घरातून निघालेली दहावीची गाइडं, भाषणसंग्रह, महापुरुषांची एकाच साच्यातली चाळीस पानी चरित्रं यांनी कपाट भरलेलं दिसतं आणि मुलं त्याच्याकडे पाठ फिरवतात. कपाटात विनोद हवा, भुतं हवीत, क्रिकेट हवं, प्राणी हवेत, चित्रकथा हव्यात, कविता हव्यात, 'हे करून पाहा' प्रकारचं विज्ञान हवं, आणि तिसरीच्या मुलालाही वाचता येतील अशी पुस्तकंही हवीत. ही शेवटची का, ते पुढे येईल.

पहिली फेरी : मुलाखत

मुलांना "मित्राला पुस्तक सुचवा" असं नुसतं सांगितलं तर चार हुशार मुली एकमेकींना सुचवतात आणि मागचे दोन बाक तसेच राहतात. म्हणून पहिल्या फेरीत नावांच्या चिठ्ठ्या टाका. ज्याला जे नाव येईल, त्यानं त्या मुलासाठी पुस्तक शोधायचं. सख्खा मित्र निघाला तरी चालेल, ज्याच्याशी वर्षभरात बोलणं झालेलं नाही असा निघाला तर फारच उत्तम.

शोधण्याआधी त्या मुलाची मुलाखत घ्यायची. एक ऑफ तास पुरतो. मुलाखतीत "तुला कोणती पुस्तकं आवडतात?" हा प्रश्न नको. ज्याला वाचायची सवय नाही तो यावर खांदे उडवतो किंवा बाईंना आवडेल ते उत्तर देतो. त्याऐवजी माझ्या वर्गात हे प्रश्न असतात :

"अगदी शेवटपर्यंत जागचा न हलता पाहिलेलं किंवा ऐकलेलं काय आहे? सिनेमा, मॅच, आजीची गोष्ट, काहीही."
"तुला कशाची माहिती वर्गात सगळ्यांपेक्षा जास्त आहे?"
"अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं, आणि कुठं सोडलंस?"
"तुला गोष्टीत काय आलेलं अजिबात आवडत नाही?"

दुसऱ्या प्रश्नावर वर्ग खुलतो. एका मुलाला अंबड एमआयडीसीतल्या कुठल्या कंपनीची शिफ्ट किती वाजता सुटते, ते सगळं पाठ होतं. एकीला रामकुंडावर पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं की कुठल्या दुकानांत शिरतं, ते माहीत होतं. तिला नदी, पूर आणि वादळं असलेली साहसकथा मिळाली. शिफ्टवाल्यासाठी पुस्तक शोधायला त्याच्या जोडीदाराला आठवडा लागला, आणि शेवटी त्यानं यंत्रांच्या आतले भाग चित्रांतून दाखवणारं पुस्तक काढलं. त्या आठवड्यात त्या दोघांनी कपाटातलं निम्मं सामान चाळलं होतं. शोधताना होणारं हे वाचन कुठल्याही नोंदीत येत नाही, पण मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

ग्रंथालयशास्त्राचे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. त्यांतली दोन म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. सातवीच्या मुलांना मी ती फळ्यावर लिहून देते. मुलाखतीनंतर त्यांना ती लगेच कळतात.

चिठ्ठी कशी लिहायची

पोस्टकार्डाच्या आकाराचा जाड कागद घ्या. दोन्ही बाजू नकोत, एकच. त्यावर पाच-सहा ओळी. छापील नमुना देऊ नका. 'लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, सारांश, बोध' असे रकाने दिसले की मुलं रकाने भरतात आणि समोरचा मित्र विसरतात. फक्त एवढं सांगा की चिठ्ठीत चार गोष्टी कुठं तरी आल्या पाहिजेत : तुलाच का देतोय, कशी सुरुवात होते, कुठं कंटाळा येईल, आणि किती वेळ लागेल.

तिसरी गोष्ट ऐकून शिक्षक दचकतात. पुस्तकातली कंटाळवाणी जागा आपणच का सांगायची? कारण मुलं सोडतात ती तिथंच. "पहिली दहा पानं नुसती गावाची माहिती आहे, ती भराभर वाच, विहिरीजवळ आलास की गोष्ट सुरू होते" असं मित्रानं सांगितलं असेल तर मूल विहिरीपर्यंत पोचतं. आणि सांगणाऱ्यावरचा विश्वासही वाढतो. नुसती स्तुती करणाऱ्यावर बारा वर्षांची मुलं विश्वास ठेवत नाहीत.

काही शब्दांना बंदी घाला. माझ्या वर्गात छान, मस्त, सुंदर, बोधप्रद, अप्रतिम आणि अर्थातच 'सर्वांनी' हे शब्द चालत नाहीत. आधी मुलं अडतात, पेनं चावत बसतात. मग कुणी तरी लिहितं, "हे वाचताना मी आईला दोनदा 'आले, आले' म्हटलं आणि गेलोच नाही." 'मस्त' लिहायला मुभा असती तर हे वाक्य आलं नसतं.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेसाठी माझ्याकडे आलेली एक चिठ्ठी साधारण अशी होती :

"तू रोज सायकलवरून येतोस आणि उतारावर हात सोडतोस म्हणून तुला देतोय. हा पण सायकलवाला आहे. आश्चर्य वाटलं की 'ट्टॉक' करतो, ते तू पण करून बघशील. जुनी गोष्ट आहे, मोबाइल नाहीत, म्हणून आधी वाटतं की हे लोक सरळ फोन का करत नाहीत. पण मग त्यामुळेच मजा येते. मला दोन दिवस लागले, तुला तीन लागतील कारण तू क्लासला जातोस."

शुद्धलेखनाच्या चुका होत्या. मी त्या दुरुस्त केल्या नाहीत. लाल पेन लागलेली चिठ्ठी बाईंची होते, मित्राची राहत नाही. शुद्धलेखन शिकवायला दुसरे तास आहेत.

गोष्टीचा शेवट फोडायचा नाही हे मुलांना माहीत असतं, पण किती सांगायचं ते कळत नाही. सोपा नियम : पहिल्या वीस पानांपलीकडचं काही लिहायचं नाही.

कधी कधी पुस्तकाबाहेरची एखादी गोष्टच मुलांना आत खेचते. साने गुरुजींची 'श्यामची आई' मोठ्यांनी इतक्यांदा सुचवलेली असते की मुलं नाव ऐकूनच मान हलवतात. एका मुलीनं चिठ्ठीत लिहिलं, "हे आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिलंय, १९३३ मध्ये. यात धड्यांना रात्र पहिली, रात्र दुसरी असं म्हणतात. एका रात्री एकच वाच." ज्याला चिठ्ठी दिली, त्यानं खरंच रोज एक रात्र वाचली.

परिपाठात दीड मिनिट

आठवड्यातून एकदा, परिपाठाला किंवा शनिवारच्या सकाळच्या शाळेत, एका मुलानं पुस्तकातला अर्धा पान मजकूर मोठ्यानं वाचायचा. दीड मिनिट, त्याहून जास्त नाही. आधी प्रस्तावना नको, नंतर तात्पर्य नको. उतारा पहिल्याच पानावरचा असायची गरज नाही. संवाद असलेला, दोनच पात्रं असलेला, आणि काही तरी घडणार असं वाटत असतानाच संपणारा उतारा निवडायला शिकवा. कुठं थांबायचं ते पेन्सिलीनं बारीक खूण करून ठेवायचं आणि तिथं खरंच थांबायचं. "पुढं काय?" अशी ओरड झाली तरी पुस्तक मिटायचं.

घरी तीन वेळा मोठ्यानं वाचून यायला सांगा, एकदा तरी कुणासमोर. अडखळणाऱ्या मुलाला छोटा उतारा द्या, पण संधी द्या. आणि ते पुस्तक त्या दिवशी कपाटात न ठेवता टेबलावर उघडं ठेवा. परिपाठ संपल्यावर त्याभोवती घोळका होतो.

एकच प्रत, दहा मुलं

घोळका झाला की भांडण. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कागद चिकटवा आणि नंबर लावा. प्रत्येकाला सात दिवस. पातळ पुस्तकाला तीन. शुक्रवारी देवघेव केली तर शनिवार दुपार आणि रविवार वाचायला मिळतो. ज्याचा नंबर लांब आहे त्याला सुचवणाऱ्यानंच "तोपर्यंत हे वाच" म्हणून दुसरं काही द्यायचं. या 'तोपर्यंत'च्या पुस्तकांतून पुष्कळ चांगली पुस्तकं पुढं येतात, कारण ती कुणी मुद्दाम मिरवलेली नसतात.

जिथं हात पोळतो

दोन ठिकाणी मी चुकले आहे, ते सविस्तर सांगते.

पहिल्या वर्षी मी भिंतीवर मोठा तक्ता लावला. जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला आणि जास्त सुचवणाऱ्याला चांदण्या. महिन्याभरात सोळा पानी पुस्तकं गायब झाली, कारण सगळे तीच वाचत होते. चिठ्ठ्या एकमेकांच्या बघून लिहिल्या जाऊ लागल्या. जी मुलगी एकच मोठी कादंबरी जीव लावून वाचत होती तिच्या नावापुढे एकच चांदणी, आणि ती रोज त्या भिंतीसमोर बसायची. दिवाळीच्या सुट्टीआधी मी तक्ता काढून टाकला. तेव्हापासून चांदण्या नाहीत, गुण नाहीत, 'वाचनवीर' नाही, बक्षीस नाही. उपक्रमाच्या अहवालासाठी आकडे लागत असतील तर ते तुमच्या वहीत ठेवा, भिंतीवर नकोत.

दुसरी चूक जास्त लागली. एका मुलीचे वडील त्या वर्षी वारले होते. तिच्या मैत्रिणीनं, अगदी मायेनं, वडील नसलेल्या मुलीची गोष्ट तिच्यासाठी निवडली आणि चिठ्ठी फलकावर लावली : "तुझ्यासारखंच हिचं पण झालं." मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. मैत्रिणीचा हेतू चांगला होता, पुस्तकही चांगलं होतं. चूक माझी होती, कारण सगळ्या चिठ्ठ्या फलकावर लावायच्या हे मीच ठरवलं होतं. तेव्हापासून चिठ्ठी घडी घालून पुस्तकात ठेवायची आणि हातात द्यायची. फलकावर लावायची की नाही, ते ज्याला मिळाली त्यानं ठरवायचं. आणि दु:ख, आजार, घरातली भांडणं, पैशांची अडचण, शरीर, रंग यांवरून कुणाला पुस्तक सुचवायचं नाही. कुणाला काय आवडतं, काय येतं, कशाचं कुतूहल आहे यावरूनच सुचवायचं. हा नियम मुलांना कारणासकट सांगा. 'ढ मुलाची गोष्ट' मुद्दाम कुणाच्या तरी हातात देणारी टवाळ मुलंही प्रत्येक वर्गात असतात. म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांत प्रत्येक चिठ्ठी देण्याआधी नजरेखालून घाला. पुढे हळूहळू सोडा.

त्या मुलीनं तेच पुस्तक मार्च महिन्यात स्वत:हून मागून नेलं. तेव्हा मी तिला काही विचारलं नाही.

ज्यांना वाचणं जड जातं

सातवीच्या वर्गात तिसरीच्या पातळीवर वाचणारी मुलं असतात, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. ही मुलं या खेळातून सगळ्यात आधी बाहेर फेकली जातात, म्हणून त्यांची सोय आधीच करा. मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तकं कपाटात खालच्या कप्प्यात वेगळी ठेवू नका, सगळ्यांत मिसळून ठेवा. वर्गातल्या चांगल्या वाचणाऱ्या दोन-तीन मुलांना ती आधी वाचायला द्या. त्यांच्या हातात दिसली की ती 'लहान मुलांची' राहत नाहीत.

आणखी एक युक्ती इथं उपयोगी पडते. या मुलांना पहिलीतल्या भावंडासाठी किंवा बालवाडीतल्या मुलासाठी पुस्तक निवडायला सांगा. त्यासाठी सोपी दहा पुस्तकं वाचावी लागतात आणि ती वाचायला एक प्रतिष्ठित कारण मिळतं. निवडलेलं पुस्तक त्या लहानग्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं. लहानगा चुका काढत नाही.

भाषेचंही बघा. आमच्या वर्गात घरी अहिराणी बोलणारी मुलं आहेत, हिंदी बोलणारी आहेत, पेठ-सुरगाण्याकडून आलेली, घरी कोकणा बोलणारीही आहेत. चिठ्ठी लिहायला अडणाऱ्यानं तोंडी सांगायचं, आणि ज्या भाषेत जमेल त्या भाषेत सांगायचं. बागलाणच्या एका मुलानं मराठी पुस्तकातली भुताची गोष्ट अहिराणीत सांगितली तेव्हा मागचे बाक प्रथमच पुढे सरकले. त्या पुस्तकाचा नंबर दिवाळीपर्यंत संपला नाही.

नाही आवडलं तर

वीस पानं वाचून नाही आवडलं तर परत द्यायचा हक्क प्रत्येकाला आहे. फक्त परत देताना एक ओळ सांगायची : कुठं सोडलं आणि का. "नुसती वर्णनं आहेत", "नावं फार आहेत, घोळ होतो", "कुत्रा मरणार असं वाटलं म्हणून पुढं वाचवलं नाही." सुचवणाऱ्यानं वाद घालायचा नाही, दुसरं शोधायचं. पहिला नेम बहुधा चुकतोच, दुसरा बराच जवळ जातो, कारण आता तो आपल्या मित्राला जास्त ओळखतो. मोठ्यांनीही हा नियम पाळायचा. मुलांनी मला सुचवलेलं एक रहस्यकथेचं पुस्तक मी वर्गासमोर परत केलं आणि का ते सांगितलं. त्यानंतर मुलं खरं बोलू लागली.

वही आणि तारखा

शिक्षकाकडे एक साधी दोनशे पानी वही असावी. तारीख, कुणी, कुणाला, कोणतं पुस्तक, परत आलं का. एवढंच. दर महिन्याच्या शेवटी ती एका कारणासाठी उघडायची : कुणाला कुणीच काही सुचवलेलं नाही, ती नावं शोधायला. नेहमी चार-पाच निघतात. बहुधा गप्प मुलं, मध्येच प्रवेश घेतलेली मुलं. पुढच्या फेरीत त्यांची नावं चिठ्ठ्यांत आधी काढा. दोन महिने एकही नोंद नसलेल्या मुलाला तुम्ही स्वत: सुचवा, पण मुलाखत घेऊनच.

वर्षाची आखणी सोपी आहे. जून कपाट भरण्यात जातो, जुलैत मुलाखती आणि पहिली फेरी. १२ ऑगस्ट हा रंगनाथन यांचा जन्मदिन, त्या दिवशी मुलांना जवळच्या वाचनालयात घेऊन जा. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. शाळेत भाषणं होतीलच, तुम्ही त्या दिवशी तुकड्यांच्या पेट्या बदला. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक मूल दोन पुस्तकं घरी नेईल, एक स्वत:चं आणि एक घरातल्या कुणासाठी निवडलेलं. २७ फेब्रुवारी म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. नाशिकच्या शाळांत त्या दिवशी कार्यक्रमांची रांग लागते, त्यातली दहा मिनिटं मागून घ्या आणि ज्यांनी वर्षभरात कधीच मोठ्यानं वाचलं नाही अशा दोन मुलांना एकेक कविता वाचू द्या. मार्चनंतर परीक्षा, तेव्हा नवीन काही सुरू करू नका.

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की आठवीची मुलं जायच्या आधी त्यांना एकेक कागद द्या. वर्षभरात मनात राहिलेल्या पुस्तकात, मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला, एक पाकीट चिकटवायचं आणि पुढच्या वर्षी ते उघडणाऱ्या अनोळखी मुलासाठी चिठ्ठी ठेवायची. नाव लिहायची गरज नाही, तुकडी आणि साल पुरे. पाकिटासाठी जुन्या लग्नपत्रिकांचा कागद चांगला, फाटत नाही. मागच्या जूनमध्ये सहावीतल्या एका मुलीनं असं पाकीट उघडलं. आत लिहिलं होतं, "तू खिडकीजवळ बसत असशील तर हे पावसात वाच." ती भिंतीकडच्या बाकावर बसायची. दुसऱ्या दिवशी तिनं जागा बदलून मागितली.